एक्केचाळिसाव्या वहीतले आकडे

२ ऑगस्ट

प्रिय आत्या,

पोचल्याचं पत्र दोनच ओळींचं टाकलं म्हणून तू रागावली असशील. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि ते तू कबूलही करत नाहीस, म्हणून आता सविस्तर लिहिते.

खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीचं एक दार बसत नाही, तिथे पुठ्ठ्याची घडी खोचली आहे. मानसशास्त्र विभागात मला मदतनीस म्हणून घेतलं. पीएच.डी. करणाऱ्या एका सीनियरच्या हाताखाली काम आहे. तिला सगळे कोष्टकताई म्हणतात, कारण ती डब्यात काय आणलंय तेसुद्धा रकाने आखून सांगेल. कोणत्या स्वभावाच्या मुलांना भावना किती तीव्रतेने जाणवतात, हा तिचा विषय. ऐंशी विद्यार्थी घेतले आहेत. प्रत्येकाने आधी स्वभावाची एक लांबलचक प्रश्नावली भरायची, मग तीन आठवडे रोज एका छोट्या वहीत तीन गोष्टी लिहायच्या : काय घडलं, काय वाटलं, किती वाटलं. ‘किती’ शून्य ते शंभरमध्ये. वहीवर नाव नाही, फक्त क्रमांक. कोणता क्रमांक कोणाचा, ती यादी तिच्या मार्गदर्शक मॅडमच्या कपाटात मोहोरबंद आहे. सलग तीन दिवस कुणी ऐंशीच्या वर लिहिलं, तरच ती उघडून समुपदेशकांना कळवायचं. म्हणून एक दिवसाआड मुलांनी क्रमांकासह आकड्यांची चिठ्ठी विभागाच्या पेटीत टाकायची आणि त्या सगळ्या तपासायच्या, हेही माझंच काम.

मुलांना सूचना वाचून दाखवायच्या, हे दुसरं. वीस-वीसच्या चार तुकड्या. दोन झाल्या. एकच छापील पान आहे, ते वाचायचं. पण आत्या, पहिल्याच तुकडीत एकाने विचारलं, “शंभर म्हणजे किती पण?” पानावर लिहिलंय, ‘तुम्हाला वाटेल तसं. यात चूक-बरोबर नाही.’ मी तेच पुन्हा वाचलं. तो म्हणाला, “माझं शंभर आणि ह्याचं शंभर सारखं कसं?” शेजारचा म्हणाला, “तुझं शंभर म्हणजे कँटीनमधला चहा संपला.” सगळे हसले. माझे कान तापले. दुसऱ्या तुकडीतही तेच. ज्याचं उत्तर मला देता येत नाही ते मी त्यांच्याकडून मोजून घेते आहे, हे काही बरं वाटत नाही. उरलेल्या तुकड्या चौदा तारखेला आहेत. काय करू?

तुझी,
गुंज


७ ऑगस्ट

प्रिय गुंजे,

एक किलो म्हणजे ‘तुम्हाला वाटेल तेवढं’ असं सांगणाऱ्या दुकानाला मी कुलूप ठोकलं असतं. तुमच्या विद्यापीठाला ठोकायला कुणी नाही, एवढंच.

अठ्ठावीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून बाजार पालथा घातला. एक गोष्ट शिकले : आधी प्रमाण वजन, मग काटा. एका भुसारवाल्याने मला सांगितलं होतं, “बाई, माझा हातच काटा आहे.” मी म्हटलं, “मग हात जप्त करू का?” त्याने मुकाट्याने वजनं आणली.

तुला मी वेगळं काय शिकवलं? सात वर्षांची असताना शाळेच्या फाटकाशी रोज ओकायचीस. बाई घाबरल्या, तुझा बाप घाबरला. तुला घरी बसवून मी शिकवायला घेतलं, तेव्हा पहिल्या दिवशी काय केलं? स्वयंपाकघराच्या भिंतीवर यादी लावली. पेन्सिल हरवली : पाच. दप्तराचा पट्टा तुटला : दहा. रडू आलं की आधी यादीपाशी जायचं, हे कशाएवढं आहे ते बघायचं, आकडा लिहायचा, मग रडायचं. निम्म्या वेळा रडायचं राहूनच जायचं. त्या यादीच्या जोरावर बाराव्या वर्षी ताठ मानेने शाळेत गेलीस. तुझी आई गेली तेव्हा नऊ वर्षांची होतीस, पण डगमगली नाहीस. लोक तोंडात बोटं घालायचे.

तेव्हा त्या पोरांना वजनं दे. उपकार होतील.

गुडघा ठीक आहे. तुझा बाप ठीक आहे. आपल्याला ऐकू येतं.

आत्या


१६ ऑगस्ट

प्रिय आत्या,

तुझ्या म्हणण्याप्रमाणे केलं.

कोष्टकताईची दाढ काढली, तिचा गाल पपईएवढा झाला आहे, म्हणून दोन्ही तुकड्या मी एकटीने घेतल्या. तिने चिठ्ठी पाठवली होती : ‘पान वाच. एक शब्दही पदरचा घालू नकोस.’ माझ्या पदरचं काही नव्हतंच, तुझ्या पदरचं होतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. पान वाचून झाल्यावर फळ्यावर लिहिलं :

पेन हरवलं, ५
बस चुकली, १०
जवळच्या मैत्रिणीशी भांडण, २५
परीक्षेत नापास, ४०
घरातलं कुणी दवाखान्यात, ६०
घरातलं कुणी गेलं, ९०

शंभर मोकळं ठेवलं. त्याहून वाईट काही असू शकेल, म्हणून.

आत्या, वर्ग कसा शांत झाला! कुणी फाटे फोडले नाहीत. एकाने फक्त “नापास फक्त चाळीस? माझ्या बाबांना दाखवा,” असं म्हटलं. सगळ्यात पुढे बसलेल्या मुलीने पूर्ण यादी वहीच्या आतल्या बाजूला पट्टीने रेघ मारून उतरवून घेतली. मान खाली, हस्ताक्षर छापल्यासारखं. तिलाच तिसऱ्या तुकडीतली पहिली वही दिली, क्रमांक एक्केचाळीस. जाताना ती मला म्हणाली, “बरं झालं तुम्ही सांगितलंत. नाहीतर मी काहीतरी भलतंच लिहिलं असतं.” तिने असं म्हटल्याचा मला दिवसभर आनंद होता.

कोष्टकताईला अजून सांगितलेलं नाही. तिला बोलताच येत नाही, मुद्दाम त्रास कशाला. सावकाश सांगेन.

गुंज


२२ ऑगस्ट

प्रिय गुंजे,

शाब्बास. पत्र वाचून दाखवावं असं कुणी जवळ नव्हतं, म्हणून दूधवाल्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “त्यात दूध फाटणं किती?” मी म्हटलं, “तुमच्या दुधाला शून्य. त्यात फाटायला काही नसतंच.”

ताईला सांगण्याचं एवढं काय? चांगलं काम न सांगताही चांगलंच असतं.

आत्या


१९ सप्टेंबर

प्रिय आत्या,

महिनाभर लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होतं, म्हणूनच लिहिलं नाही.

वह्या परत आल्या. मी आकडे चढवते आहे. पहिल्या चाळीस वह्या जशा असाव्यात तशा आहेत : आकडे वर जातात, खाली येतात, एकाने क्रिकेटचा सामना हरल्यावर सत्त्याण्णव लिहिलेत. प्रश्नावलीत ज्यांनी ‘मला पटकन काळजी वाटते’, ‘माझं मन लवकर अस्थिर होतं’ यांपुढे ‘अगदी बरोबर’ अशी खूण केली आहे, त्यांचे आकडे मोठे आहेत. शांत स्वभावाच्या मुलांचे लहान. पुढच्या चाळीस वह्यांत असं काहीच नाही. चिंतातुर आणि निवांत, सगळे एकाच ओळीत, दहा ते पंचवीस. कोष्टकताई दोन दिवस कोष्टकांकडे बघत बसली. मग म्हणाली, “गुंज, हे असं कसं? पोरं मधल्या मधे साधू झाली का?” मॅडमना ते फार रंजक वाटतं आहे. त्या म्हणतात, यावर स्वतंत्र लेख होईल. मी मान डोलावली, आत्या. मला माहीत होतं आणि मी मान डोलावली.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. एक्केचाळीस क्रमांकाची वही.

तिच्या प्रश्नावलीत धास्ती, काळजी, घालमेल, झोप न लागणं, प्रत्येकापुढे ‘अगदी बरोबर’. ऐंशी जणांत इतक्या खुणा कुणाच्याच नाहीत. आणि वहीत? ‘काय वाटलं’मध्ये रोज : भीती. ‘काय घडलं’मध्ये रोज : काही नाही. ‘किती’मध्ये चौदा. चौदा, चौदा, बारा, चौदा, पंधरा, चौदा. त्याच छापील अक्षरात, सोळा दिवस. शेवटचे पाच दिवस कोरे.

दर दोन दिवसांनी आकडे तपासताना मी तिच्या चिठ्ठ्यांवर हेच बघितलं होतं. ऐंशी कुठे आणि चौदा कुठे. बरोबरची खूण करून पुढे गेले.

ती दुसऱ्या शाखेची आहे, रोज दुपारी वाचनालयाच्या जिन्यात बसलेली दिसायची. तीन आठवडे दिसलेली नाही. मी रोज त्या वेळेला तिथे जाते. तिचं नाव मला माहीत नाही. यादी मॅडमच्या कपाटात आहे, आणि ती उघडायची तर का उघडायची ते सांगावं लागेल. सांगितलं तर चाळीस वह्या रद्द, कोष्टकताईची दोन वर्षं पाण्यात, आणि मला इथून जावं लागेल. नाही सांगितलं तर ती कुठे आहे?

कदाचित ती गावी गेली असेल. कदाचित मी राईचा पर्वत करते आहे. मी नेहमी करतेच. काल मी माझ्याच यादीत बघितलं, ही माझी काळजी कुठे बसते. कुणी दवाखान्यात नाही, कुणी गेलं नाही. वीस लिहिले. हाताला घाम सुटला होता, कागद चिकटला.

तू सांगशील तसं करेन.

गुंज


२४ सप्टेंबर

प्रिय गुंजे,

तुझी जुनी खोड : दुसऱ्याच्या घरचं दूध उतू गेलं तरी चटका तुला बसतो. एक मुलगी जिन्यात दिसत नाही, एवढंच झालं आहे. मुलं जिना बदलतात. तिने चौदा लिहिलंय ना? तिच्या हाताने लिहिलंय ना? मग ते चौदाच. काट्याने सांगितलेलं गिऱ्हाइकाने मानावं आणि निरीक्षकानेही मानावं. थोडे दिवस थांब. दिसेल. ताईच्या दोन वर्षांच्या कामावर बोळा फिरवण्याआधी शंभरदा विचार कर.

जेवत जा.

आत्या

(पान उलट.)

२५ सप्टेंबर, सकाळ

वरचं लिहून पाकीट बंद केलं होतं. पेटीपर्यंत गेले आणि परत आले. फाडून टाकावं असं वाटलं, पण मी काय सांगणार होते ते तुला कळायला हवं, म्हणून तसंच ठेवते. खरं पुढे आहे.

तुझी आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तू यादीपाशी उभी राहिलीस. तेव्हा यादीत चाळीसच्या वर काही नव्हतं. लहान पोरीच्या यादीत कशाला असेल? तू मला विचारलंस, “आत्या, हे कुठे लिहू?”  मी म्हणाले, “तूच ठरव.” तू बराच वेळ बघत राहिलीस आणि बावीस लिहिलंस. मी म्हटलं, “शाब्बास.” नव्वदची ओळ मी नंतर घातली, आणि ती पहिल्यापासूनच होती असं मलाही वाटायला लागलं.

लोकांना मी सांगत फिरले, पोर खंबीर आहे. पण त्यानंतर तीन आठवडे तू घरात बूट काढले नाहीस. जेवताना, अभ्यास करताना, झोपतानासुद्धा. मी विचारलं तर म्हणायचीस, “अचानक निघावं लागलं तर?” तुझ्या बापाने एकदा झोपेत काढले, तर तू उठून अंधारात परत घातलेस. मी सगळं बघत होते. बूट दिसत होते आणि बावीसही दिसत होतं. मी बावीसवर विश्वास ठेवला, कारण ते मला सोयीचं होतं. माझा भाऊ कोलमडला होता, स्वयंपाक माझ्यावर होता, नोकरी होती. रडणारं मूल मला झेपलं नसतं. तू रडू नयेस म्हणून मी तुला मोजायला लावलं, आणि त्याला शिक्षण म्हटलं.

सोळा वर्षांत हे मी कुणाला सांगितलं नाही.

फोन करत होते, तू उचलत नाहीस. हे पत्र हातात पडेल त्याच पावली मॅडमकडे जा. सगळं माझ्यावर ढकल, मला काही होत नाही.

आत्या


७ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र अठ्ठावीसला दुपारी मिळालं. आधी पानाची पुढची बाजू वाचली. ‘थांब’ असं वाचून मला इतकं हलकं वाटलं की मी पत्र उशीखाली ठेवून जेवायला गेले. पोटभर जेवले. तू ‘पान उलट’ असं लिहिलेलं मला दिसलं होतं, तरी जेवून आल्यावरच उलटलं. हे तुला सांगायलाच हवं. तुझ्यावर काही ढकलायचं नाही. फळ्यावर लिहिणारा हात माझा होता, आणि चिठ्ठीत काय लिहिलंय ते मला वाचता येत होतं.

मॅडम बैठकीत होत्या. मी दारात उभी राहून सगळ्यांसमोरच सांगितलं, कारण थांबले असते तर परत फिरले असते. मॅडमनी एकच विचारलं, “कोणता क्रमांक?” आणि किल्ली काढली. त्यांना ओरडता आलं असतं. त्या ओरडल्या नाहीत, हेच मला जास्त लागलं. समुपदेशक आणि वसतिगृहाच्या रेक्टर बाई लगेच तिच्या खोलीवर गेल्या.

आत्या, ती आहे. आधी हेच लिहायला हवं होतं.

ती खोलीतच होती. महिनाभर वर्गात गेली नव्हती, शेवटचे अकरा दिवस तर खोलीबाहेरही जवळजवळ पडली नव्हती. खोलीतली दुसरी मुलगी तिला बिस्किटं आणून द्यायची. तिला वाटलं, ही परीक्षेचा अभ्यास करते आहे. हिची वहीही त्या मुलीनेच विभागाच्या पेटीत टाकली होती. समुपदेशक दारातून आत गेल्या तेव्हा ती भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली होती, चार्जरची वायर हातात गुंडाळत आणि सोडत. ती वायर कशासाठी होती ते तिने सांगितलेलं नाही, आणि कुणी विचारलेलं नाही. तीन दिवस ती दवाखान्यात होती. आता तिचे वडील येऊन तिच्यासोबत इथेच खोली घेऊन राहिले आहेत. तिचं हे सत्र गेलं.

कोष्टकताईने माझ्याशी दोन दिवस बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “दोन वर्षं, गुंज. दोन वर्षं मी ह्या ऐंशी पोरांसाठी घासली. एक पान वाचायचं होतं तुला.” मी म्हटलं, हो. ती म्हणाली, “हो म्हणू नकोस, मला भांडायचंय.” मग तीच रडायला लागली. मी तिच्या शेजारी बसून राहिले. चाळीस वह्या रद्द झाल्या. मला कामावरून काढलं, आणि ते योग्यच आहे. विभागाची चौकशी समिती पुढच्या महिन्यात बसेल. तोवर विद्यापीठात राहू देतात की नाही, माहीत नाही. पण मॅडमनी त्या चाळीस जणांना एकेक करून समुपदेशकांकडे बोलवायचं ठरवलं, तेव्हा मी विचारलं, मी बाहेर बसू का? बसते. खुर्च्या लावते, पाणी देते. चाळिसांपैकी सहा जणांनी पुन्हा यायची वेळ मागून घेतली आहे. त्यांच्या वह्यांत वीसच्या वर एक आकडा नव्हता.

एक्केचाळीस नंबरच्या त्या मुलीला भेटण्याची परवानगी मी मागितली नव्हती. तिनेच समुपदेशकांना सांगितलं, “फळ्यावर लिहिणाऱ्या ताईंना बोलवा.” काल गेले. दुमजली इमारत, जिन्यात कुणाच्या तरी सायकली. मी जिन्यातून दोनदा खाली परत आले. तिसऱ्यांदा तिच्या वडिलांनी वरून बघितलं आणि म्हणाले, “या की. रस्ता चुकलात का?”

ती पलंगावर बसली होती. केस कापलेत. मी माफी मागायचं सगळं पाठ करून गेले होते, ती म्हणाली, “ते नंतर. मला आधी एक सांगा. काहीच घडलेलं नसताना सकाळी उठल्यापासून मरणाची भीती वाटत असेल, तर ते तुमच्या यादीत कुठे बसतं?”

मी म्हटलं, “कुठेच नाही.”

“मी रोज शोधायचे,” ती म्हणाली. “माझं कुणी गेलं नव्हतं. नापास नव्हते झाले. भांडायला मैत्रीण नव्हती. म्हणजे बस चुकण्याच्या जरा वर. मला वाटलं, तेवढंच असणार. बस चुकल्याएवढंही मला सोसत नाही, म्हणजे मीच कुचकामी. पानावर ‘वाटेल तसं’ लिहिलं होतं ना? मी पहिल्याच दिवशी पंच्याण्णव लिहिणार होते.”

तिचे वडील दाराशी उभे होते. ते आत निघून गेले आणि नळ सोडल्याचा आवाज आला, बराच वेळ.

मी काही स्पष्टीकरण दिलं नाही. पाठ केलेलं सगळं निरुपयोगी होतं. शेवटी फक्त “माझं चुकलं” म्हटलं. तिने ते घेतलं नाही, टाकलंही नाही. मला नीट निरखून म्हणाली, “तुम्ही किती ठामपणे लिहीत होता फळ्यावर. तुम्हाला कधी अशी भीती वाटतच नाही का?”

तेव्हा मी तिला सांगितलं. फाटकाशी ओकण्याचं, बुटांचं, आत्ताच्या जिन्याचं. कुठलाही आकडा न घालता सांगितलं, आत्या, आणि तसं सांगताना कुठे थांबायचं ते मला कळेना. बोलतच राहिले. ती ऐकत होती. मध्ये एकदा तिने पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

मग तिने विचारलं, “मग त्या दिवशी हेच का नाही सांगितलंत?”

 ती वाट बघत होती, आणि मी तिला म्हटलं, विचार करून सांगते. तिने मान हलवली. मी पुढच्या मंगळवारी परत जाणार आहे. तोवर मला कळायला हवं. तुला माहीत असेल तर लिही. माहीत नसलं तरी लिही, पण या वेळी तुझं लिही, मी काय करावं ते नको.

गुंज